अविरल असेल तरच निर्मल

२०२५ च्या प्रयागराज महाकुंभात कोट्यवधी भाविक संगमात स्नान करीत असतानाच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एक अहवाल राष्ट्रीय हरित लवादापुढे आला. मैलापाण्यातून येणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण स्नानयोग्य मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याचे त्यात नमूद होते. गदारोळ झाला तो या एका विधानाचा. कुंभ म्हणजे अंधश्रद्धेचा बाजार असे मानणाऱ्यांना ते आयतेच सापडले, तर अनेक श्रद्धावंतांनी अहवालच झिडकारला. त्याच अहवालातील दुसऱ्या विधानाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १२ व १३ जानेवारीला बहुतेक ठिकाणचे पाणी जैविक ऑक्सिजन मागणीच्या कसोटीला उतरले नव्हते. त्यानंतर वरच्या बाजूने ताजे पाणी येत गेले, ही मागणी घटली आणि एखादा अपवाद वगळता पाणी त्या कसोटीला उतरले. पाणी आले की नदी सुधारते, हे सरकारी यंत्रणेनेच असे नोंदवून ठेवले आहे.

ही कसोटी समजून घेणे आवश्यक आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. स्नानयोग्य पाण्यात ही मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा दंडक आहे. परंतु शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला दीर्घकाळ ३० मिलिग्रॅमपर्यंत मुभा होती. याचा अर्थ असा की, केंद्र चोख चालले तरी उरलेली शुद्धी नदीनेच करावयाची आहे. ती ते कशाच्या बळावर करणार? घाण विरळ करण्यास पाण्याचे आकारमान हवे आणि हवेतील प्राणवायू ओढून घेण्यास खळाळ हवा. प्रवाह आटला की दोन्ही जातात. उथळ, संथ पाणी उन्हाने तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. ‘नमामि गंगे’ योजनेत शुद्धीकरण केंद्रांवर मोठा खर्च झाला. तो आवश्यकच होता. पण धारेविना केंद्रे म्हणजे तेलाविना समई.

पाण्याच्या या ओढाताणीचा पहिला बळी मासा असतो. भागीरथीवर मनेरी येथे पाणी अडवून ते बोगद्यातून उत्तरकाशीपर्यंत नेले जाते. जोशियाडा येथे पुन्हा अडवून धरासूकडे वळविले जाते. मधल्या पात्रात कोरड्या ऋतूत कित्येकदा दगडगोटेच उरत आले आहेत. ‘नदी वाहती ठेवणारा प्रकल्प’ असे ज्याचे गोड वर्णन केले जाते, त्याचे हे रूप आहे. गढवालच्या थंड पाण्यात राहणारा असेला मासा आणि पावसाळ्यात विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणारा महशीर यांना स्वच्छ गोट्यांचे तळ, पुरेशी खोली आणि अखंड वाट लागते. विजेची मागणी वाढली की काही तास पाणी सोडावयाचे आणि एरवी रोखून धरावयाचे, ही जनित्रांची सोय आहे. माशाची अंडी त्यात उघडी पडतात, पिल्ले डबक्यात अडकून मरतात.

खाली मैदानात हीच कथा कालव्यांची आहे. हरिद्वारहून १८५४ मध्ये सुरू झालेला गंगा कालवा आज दहा हजार क्युसेकहून अधिक पाणी नेऊ शकतो. नरोराहून १८७८ मध्ये दुसरा निघाला. नरोराच्या वरचा ब्रिजघाटपर्यंतचा पट्टा २००५ मध्ये रामसर यादीत गेला, कारण तेथील डोहांत गंगेचा डॉल्फिन टिकून आहे. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरविण्यात आले. मात्र नरोराच्या खाली कानपूरपर्यंत तो जवळजवळ दिसत नाही. डोहच उरले नाहीत, तर राष्ट्रीय सन्मान घेऊन त्याने पोहावे कोठे?

नदीला तिचे पाणी द्या, ही मागणी पाश्चात्त्य पर्यावरणवाद्यांकडून उसनी आणलेली नाही. भीमगोडा येथील बंधाऱ्याने हर की पौडीची धारा खंडित होणार असे दिसताच महामना मदनमोहन मालवीय यांनी हिंदू समाज उभा केला आणि १९१६ मध्ये इंग्रज सरकारला करार करणे भाग पाडले. हर की पौडीला किमान १००० क्युसेक अखंड पाणी मिळेल, असे परकीय सत्तेने लिहून दिले.

स्वतंत्र भारतात गंगेच्या किमान प्रवाहाची अधिसूचना निघाली ती ९ ऑक्टोबर २०१८ रोजी. भीमगोड्याखाली ऑक्टोबर ते मे या काळात सेकंदाला ३६ घनमीटर, म्हणजे सुमारे १२७० क्युसेक पाणी सोडावे, असे तिने ठरविले. मोजण्याची जागा वेगळी असली, तरी शंभर वर्षांत मजल किती मारली, याचा अंदाज यावरून यावा. हरिद्वारच्या वर नोव्हेंबर ते मार्च केवळ २० टक्के प्रवाह सोडणे बंधनकारक आहे; उरलेले ८० टक्के वळविण्यास मोकळीक. अविरल गंगेसाठी १११ दिवस उपोषण करणारे प्रा. गुरुदास अग्रवाल, म्हणजेच स्वामी सानंद, अधिसूचनेनंतर दोनच दिवसांनी निवर्तले. ते कानपूरच्या आयआयटीत प्राध्यापक होते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य सचिव होते. त्यांना विकासविरोधी ठरवून मोकळे होणे कोणालाच शोभणारे नव्हते.

धरण म्हणजे पाप, असे येथे सुचवावयाचे नाही. टिहरीसारखा मोठा साठा पावसाचे पाणी धरून कोरड्या महिन्यांत खालचा प्रवाह वाढवूही शकतो. पश्चिम उत्तर प्रदेशातील ऊसकरी शेतकऱ्याचा कालव्यावरील हक्कही नाकारता येणार नाही. त्याच्या शेतात कमी पाण्यात पीक काढण्याची सोय सरकारने करून द्यावयास हवी, आणि हे काम अधिसूचनेपेक्षा कितीतरी कठीण आहे. पण कुंभाच्या स्नानपर्वाला वरून जादा पाणी सोडता येते, हे प्रशासनाने वेळोवेळी दाखविले आहे. जे पर्वापुरते जमते, ते वैशाखात का जमू नये? गंगामातेचा जयघोष करणाऱ्या राज्यकर्त्यांना हा प्रश्न तिच्या भक्तांनीच विचारला पाहिजे. विरोधकांच्या तोंडी तो केवळ टोमणा होतो.

२०१८ ची अधिसूचना उगमापासून उन्नावपर्यंतच लागू आहे. यमुना तिच्या कक्षेत नाही. आणि प्रयागचा संगम उन्नावच्या दीडशेहून अधिक किलोमीटर खाली आहे.