आजीचा ब्लॅकआउट

५ एप्रिल २०२० आठवतंय? रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद. आपण बाल्कनीत मोबाइलचा टॉर्च नाचवत होतो, स्टोरी टाकत होतो. माझी आजी मात्र आत पडदे घट्ट ओढत होती. म्हणाली, ‘फट नको राहायला.’ तिच्यासाठी डिसेंबर १९७१ सुरू झाला होता! तेव्हाच्या मुंबईत भोंगा वाजला की दिवे बंद, खिडक्यांच्या काचांना काळे कागद, गाड्यांच्या हेडलाइटला काळा रंग.

लॉकडाऊनमध्ये घराघरांतली म्हातारी माणसं एकच पालुपद लावून होती, ‘आम्ही युद्धं बघितलीत, हे काय!’ आपल्याला वाटायचं, झाली यांची फुशारकी सुरू. मला आता तसं वाटत नाही. ती माणसं घाबरली होती आणि निभावून नेलेली जुनी भीती हाताशी धरून बसली होती.

पण ती पुरी पडली नाही. ब्लॅकआउटमध्ये अख्खी चाळ जिन्याखाली खेटून बसायची, अंधारात शेंगदाण्याची पुडी फिरायची. कोरोनात शेजारच्या काकू गेल्या, तेव्हा चाळीस वर्षांच्या मैत्रिणीला आजीने खिडकीतून निरोप दिला. त्यानंतर बरेच दिवस तिने युद्धाचं नावच काढलं नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर विचारा. फक्त ‘युद्धात काय झालं?’ असं नको, त्याचं उत्तर पुस्तकात आहे. भोंगा वाजला तेव्हा हातात काय होतं, ते विचारा. माझ्या आजीच्या हातात अर्धवट मळलेली कणीक होती.