परका आणि गावचा

‘द बिग बॉस’ हा १९७१ सालचा हाँगकाँगचा चित्रपट. तुटपुंज्या खर्चात, थायलंडातील पाक चोंग या आडगावी चित्रित झालेला. ब्रूस लीचे नाव आशियाभर झाले ते याच चित्रपटामुळे. अशा मारधाडपटावर मराठीच्या प्राध्यापकाने लिहावे काय, ही शंका स्वाभाविक आहे. पण ‘फकिरा’ शिकवताना मला तो वारंवार आठवतो, आणि ही आठवण दडवण्याचे काही कारण दिसत नाही.

चेंग नावाचा तरुण परमुलखात नातलगांकडे राहायला येतो, बर्फाच्या कारखान्यात कामाला लागतो. बर्फाच्या लाद्यांत अमली पदार्थ दडवलेले असतात. ज्या कामगारांना हे कळते ते नाहीसे होतात. मारामारी करणार नाही, असे वचन आईला दिलेले असल्याने चेंग बराच काळ मुकाट पाहत राहतो. अखेर त्याचा हात उठतो, आणि कारखान्याचे चालक काय करतात? त्याला मुकादम करतात! माझ्या मते चित्रपटाचा गाभा हा आहे. त्यातल्या लाथा नव्हेत. कालपर्यंत सोबत राबणारे आता त्याच्याकडे संशयाने पाहू लागतात. परक्याला विकत घेणे सोपे, कारण त्याच्या मागे गाव उभे नसते.

१९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली तेव्हा अण्णाभाऊ साठ्यांचे वाटेगाव दक्षिण सातारा जिल्ह्यात होते. आजचे सांगली हे नाव नंतरचे. या कादंबरीचा नायक परका नाही. त्याच्या बापाने, राणोजीने, गावासाठी जोगणी आणताना जीव गमावला आहे. ज्या गावाने बापाचे शौर्य पाहिले त्याच गावात सरकारी हजेरीची नामुष्की मुलाच्या वाट्याला येते. दुष्काळात तो धान्य लुटतो, खजिना लुटतो. पण प्रत्येक पावलागणिक मागे राहिलेल्यांचे काय होईल, याचा हिशेब त्याला करावा लागतो.

हा हिशेब केवळ कादंबरीतला नव्हे. १९४३ ते १९४६ या काळात याच मुलखात प्रतिसरकारने गावगुंडांचा बंदोबस्त केला. तो करणारी माणसे याच गावांची होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच गल्लीतून जायचे होते.

एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, “सर, फकिरा पळून का गेला नाही? सिनेमातला हिरो निघून गेला असता.” प्रश्न रास्त होता. वस्तुतः चेंगही पळत नाही, शेवटी पोलिसांच्या स्वाधीन होतो. पण तोवर त्याची बहुतेक माणसे मारली गेलेली असतात. फकिरा हजर होतो तो कोठडीत डांबलेली आपली माणसे सुटावीत म्हणून.

आपण मात्र ‘फकिरा’ शिकवतो ती ‘समाजवास्तव’, ‘विद्रोह’, ‘प्रादेशिकता’ असे मथळे फळ्यावर लिहून. झुंजीची पाने ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देतो; जणू साहस ही कादंबरीतली उणीव आहे आणि ती प्राध्यापकांनी सांभाळून घ्यायची आहे. मीही वर्षानुवर्षे हेच केले. राणोजी जोगणी घेऊन परत निघतो ते प्रकरण आता मी वर्गात मोठ्याने वाचतो, मग चेंगची गोष्ट सांगतो. परीक्षेच्या दृष्टीने याचा काही उपयोग नाही, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवतो.