आधी जागा द्या, मग शिस्त मागा



‘पादचारी आणि सायकलस्वारच बेशिस्त’ हे आपल्या अंकातील मत एकांगी आहे. वडूजहून दहिवडी, औंधकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने शाळकरी मुले सायकलवर आणि वृद्ध पायी एकाच अरुंद पट्टीतून जातात. मागून उसाचे ट्रॅक्टर येतात. शिस्त पाळायची ती कुठे उभे राहून? पदपथ ही काही शहरी चैन नव्हे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा (जगण्याच्या हक्काचा) भाग मानला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आहे. नुसता पांढरा पट्टा ओढून भागणार नाही. सायकल मार्ग व पदपथ यांच्या उंचीत फरक आणि दिवे हवेत. सायकलस्वारांनी घंटी वाजवावी ही त्या मतातील सूचना मान्य, तेवढीच.

– एक वाचक, वडूज (ता. खटाव)