दंड कोणाला, भुर्दंड कोणाला?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलला नियमभंग नवा नाही आणि त्यावरील शिक्षाही नवी नाही. मात्र गेल्या चार दशकांतील प्रमुख प्रकरणे एकत्र पाहिली, तर शिक्षेचा फटका बहुतेक वेळा गुन्ह्याशी काडीचाही संबंध नसलेल्यांनाच बसल्याचे दिसते. ही चूक सुधारण्याचा प्रयत्न अलीकडे झाला. पण त्यातून शिक्षेचा धाकच उरला नाही.

मिशिगन, ओहायो स्टेट, सदर्न कॅलिफोर्निया ही विद्यापीठे मुंबई-पुण्यातील घरांत उच्च शिक्षणासाठी ओळखली जातात. अमेरिकेतील सामान्य माणूस मात्र त्यांना ओळखतो तो फुटबॉलमुळे. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा खेळ नव्हे, तर हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकी खेळ. मिशिगनच्या स्टेडियममध्ये एका वेळी लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अफाट पैसा येतो आणि प्रशिक्षकांना वर्षाला लक्षावधी डॉलरचे वेतन मिळते. खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीखेरीज काहीही घेता येणार नाही, असा दंडक अनेक दशके होता. त्याची राखण ‘एनसीएए’ ही संघटना करीत असे आणि बहुतेक प्रकरणांचे मूळ या दंडकातच होते.

सर्वांत कठोर शिक्षा झाली ती १९८७ मध्ये. टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या १३ खेळाडूंना हितचिंतकाच्या पैशांतून एकूण ६१ हजार डॉलर देण्यात आल्याचे उघड झाले. आधीच्या प्रकरणातील शिक्षा भोगत असतानाच हे वाटप सुरू होते. संघटनेने १९८७ चा संपूर्ण हंगामच रद्द केला. १९८८ चा हंगाम विद्यापीठाने स्वतःहून सोडून दिला. ‘मृत्युदंड’ या नावाने ही शिक्षा ओळखली जाते. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष आणि तेव्हाचे टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी, पैसे देणे सुरू ठेवण्याच्या निर्णयात आपण सहभागी होतो, अशी कबुली दिली. तरीही ते गव्हर्नरपदावर कायम राहिले. संघ मात्र उद्ध्वस्त झाला. हंगामानंतरच्या मानाच्या ‘बाऊल’ सामन्यात पुन्हा उतरण्यासाठी त्याला २००९ पर्यंत वाट पाहावी लागली. फुटबॉलमधील बड्या विद्यापीठावर संघटनेने असा दंड पुन्हा कधीही लादला नाही.

त्याऐवजी बाऊल सामन्यांवर बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात आणि जुने विजय रद्द करणे ही हत्यारे उपसली गेली. सदर्न कॅलिफोर्नियाचा रेजी बुश आणि त्याच्या कुटुंबाने एजंटांकडून लाभ घेतल्याच्या प्रकरणात २०१० मध्ये विद्यापीठावर दोन वर्षांची बाऊलबंदी आली आणि ३० शिष्यवृत्त्या गेल्या. तोवर बुश व्यावसायिक खेळाडू होऊन चार वर्षे उलटली होती. प्रशिक्षक पीट कॅरल निकालाच्या काही महिने आधीच सिएटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले होते. २०१४ मध्ये त्यांनी त्या संघाला सुपर बाऊलही जिंकून दिला. बंदी भोगली ती २०१० व २०११ च्या संघातील मुलांनी.

ओहायो स्टेटमध्येही हेच घडले. खेळाडूंनी आपली स्मृतिचिन्हे देऊन रोख रक्कम आणि गोंदणे मिळवली. प्रशिक्षक जिम ट्रेसल यांनी हे ठाऊक असूनही दडवले. मे २०११ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाने बाराच्या बारा सामने जिंकले; पण बंदीमुळे विजेतेपदाचे दार त्याच्यासाठी बंद होते. ट्रेसल मात्र २०२५ मध्ये ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

टीका वाढली तसे धोरण बदलले. गुन्ह्यात सहभाग नसलेल्या खेळाडूंना शक्यतो शिक्षा होऊ नये, असे संघटनेने २०२२ च्या आपल्या नव्या घटनेतच नमूद केले. जुलै २०२३ मध्ये टेनेसी विद्यापीठाचे नियमभंगाचे दोनशेहून अधिक प्रकार सिद्ध झाले. विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून अधिक दंड झाला, पण बाऊलबंदी नाही.

या धोरणाची खरी कसोटी मिशिगनच्या प्रकरणात लागली. पुढील प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे पाठवून त्यांच्या खाणाखुणा टिपण्याची यंत्रणाच तेथील एका कर्मचाऱ्याने उभारली होती. प्रकरण २०२३ च्या हंगामातच उघडकीस आले. प्रशिक्षक जिम हार्बो यांना विभागीय संघटनेने तीन सामन्यांसाठी निलंबित केले. तरीही मिशिगनने जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि त्याच महिन्यात हार्बो व्यावसायिक संघाकडे रुजू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल लागला. बाऊलबंदीसारखी शिक्षा योग्यच ठरली असती. पण ती आताच्या खेळाडूंवर अन्याय करील, असे समितीने म्हटले. म्हणून तिच्या जागी कोट्यवधी डॉलरचा दंड आला. विजेतेपद कायम राहिले. हार्बो यांच्यावर महाविद्यालयीन क्षेत्रात दहा वर्षांचे निर्बंध आले. ते लागू होणार २०२८ पासून, कारण आधीच्या प्रकरणातील चार वर्षांचे निर्बंध तोवर चालूच असतील. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र त्यांना काहीच आडकाठी नाही.

निरपराध खेळाडू वाचले, हे चांगलेच झाले. पण श्रीमंत विद्यापीठाच्या लेखी असा दंड म्हणजे विजेतेपदाची किंमतच ठरते. शिक्षेची भीती गेली की नियम कागदावर उरतो.

याच काळात मूळ दंडकही मोडीत निघाला. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार, २०२५-२६ या वर्षात एक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट मानधन देऊ शकते. ६१ हजार डॉलरपायी एक संघ संपला होता, याची आठवण येथे होते. बुशला परत करावा लागलेला हाइस्मन करंडक एप्रिल २०२४ मध्ये त्याला पुन्हा मिळाला, तो या बदललेल्या वाऱ्यामुळेच.

पैशांच्या नव्या मर्यादेवर देखरेख ठेवण्यासाठी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही वेगळी यंत्रणा आली आहे. तिच्यापुढील अडचण मात्र जुनीच आहे. नियम करणारी, ते मोडणारी आणि शिक्षेला मान्यता देणारी विद्यापीठेच असतात. साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचा अधिकार एनसीएएला कधीच नव्हता. परिणामी चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळते आणि तोवर प्रशिक्षक दुसरीकडे जातो.

यावर उपाय आहे तो प्रशिक्षकांच्या करारांत. नियमभंग सिद्ध झाल्यास नोकरी कोठेही असली तरी बोनस परत करावा लागेल, अशी अट आणि व्यावसायिक लीगनेही निलंबन मान्य करणे, एवढे झाले तरी शिक्षा योग्य माणसापर्यंत पोहोचेल. मात्र यशस्वी प्रशिक्षक मिळवण्यासाठी एकमेकांवर बोली लावणारी विद्यापीठे ही अट घालतील का, हाच खरा प्रश्न आहे.