विश्लेषण : गेम खेळून घर चालते का? ई-स्पोर्ट्स खेळाडूंच्या कमाईचे गणित काय?

वाळूज औद्योगिक वसाहतीतील बजाजनगरसारख्या कामगार वस्तीत दहावी-बारावीनंतरची वाट ठरलेली असे : आयटीआय, अ‍ॅप्रेंटिस आणि मग जमले तर कायम नोकरी. आता मुले आणखी एक वाट सांगू लागली आहेत, ती म्हणजे मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळून कमावण्याची. कोट्यवधींच्या बक्षिसांच्या बातम्या त्यांच्या हातातल्या फोनवरच येतात. पण व्यावसायिक खेळाडूंचे घर या बक्षिसांवर चालते का?

ई-स्पोर्ट्स आणि रमी यांत फरक काय?

ई-स्पोर्ट्समध्ये संघ ठरलेल्या नियमांनुसार समोरासमोर खेळतात आणि निकाल हाताचा वेग, डावपेच व समन्वय यांवर ठरतो. बक्षीस आयोजक देतो, खेळाडू पैसे लावत नाही. रमी, पोकर किंवा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या फँटसी क्रिकेटमध्ये खेळणाऱ्याचेच पैसे पणाला लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा विभागाकडे सोपवला. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत हा प्रकार प्रथमच पदकांसाठी खेळला गेला.

बक्षिसातून हाती किती येते?

बीजीएमआयच्या २०२१ च्या राष्ट्रीय मालिकेचे उदाहरण घेऊ. एकूण बक्षीस एक कोटी रुपये होते आणि विजेत्या संघाला ५० लाख मिळाले. बक्षिसाच्या रकमेवर साधारणपणे ३० टक्के कर उगमातच कापला जातो, म्हणजे उरले ३५ लाख. संघमालकाचा वाटा २० टक्के धरला, तर उरतात २८ लाख. चार खेळाडू आणि एक राखीव अशा पाच जणांत ते वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात ५ लाख ६० हजार. वर्षभर दुसरे काही जिंकले नाही, तर महिन्याला साधारण ४७ हजार. वाटा करारानुसार कमी-जास्त होईल, पण जाहिरातीतला आकडा आणि खात्यात जमा होणारा आकडा यांत किती अंतर असते ते यावरून दिसते.

आणि हे झाले विजेत्यांचे. त्या स्पर्धेच्या ऑनलाइन पात्रता फेरीत १०२४ संघ होते, अंतिम फेरीत १६. म्हणजे चार हजारांहून अधिक खेळाडूंपैकी शेवटपर्यंत पोहोचले ते साधारण ६४. पात्रता फेरीत येण्याआधीच गळालेले यात धरलेलेच नाहीत.

जागतिक पातळीवरही बक्षीस बेभरवशाचेच आहे. ‘डोटा २’ या गेमच्या जागतिक स्पर्धेचे बक्षीस २०२१ मध्ये चार कोटी डॉलर होते. दोनच वर्षांनी ते ३० लाख डॉलरच्या आसपास आले.

मग नियमित पैसे कोण देते?

पहिला आधार संघाचा. मोठे संघ खेळाडूंना मासिक मानधन, सरावासाठी राहण्याची सोय, प्रशिक्षक आणि प्रवासखर्च देतात. ‘एसएटयूएल’ हा नवी मुंबईतील आणि ‘ग्लोबल ई-स्पोर्ट्स’ हा मुंबईतून उभा राहिलेला संघ ही महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे. संघाकडे पैसा येतो तो प्रामुख्याने मोबाइल, लॅपटॉप, एनर्जी ड्रिंक अशा कंपन्यांच्या प्रायोजकत्वातून. त्यामुळे खेळाडूचे मानधन त्याच्या निकालांइतकेच त्याच्या प्रसिद्धीवरही ठरते. छोट्या संघांत मात्र अनेकदा मानधन नसतेच, केवळ बक्षिसातला वाटा ठरतो.

खरी कमाई यूट्यूबवर आहे का?

बऱ्याच अंशी, हो. चॅनेलला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणी मिळाली की जाहिरातींचे पैसे सुरू होऊ शकतात. मोठ्या व्हिडीओच्या जाहिरात उत्पन्नातील ५५ टक्के वाटा चॅनेलचा असतो. थेट प्रक्षेपणात चाहते ‘सुपर चॅट’मधून पैसे पाठवतात, त्यातले साधारण ७० टक्के चॅनेलला मिळतात. त्यावर ब्रँडच्या जाहिराती वेगळ्या.

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी सात गेमर्सची भेट घेतली. नमन माथुर, मिथिलेश पाटणकर, पायल धारे यांच्यासह त्यांतील बहुतेकांची ओळख यूट्यूबमुळे झालेली आहे. ‘मॉर्टल’ नावाने ओळखला जाणारा माथुर स्पर्धांतून पुढे आला, पण प्रेक्षक जोडल्यामुळे टिकला आणि एका संघाचा सहमालक झाला. स्पर्धा ओळख देते, उत्पन्न प्रेक्षक देतात. म्हणून उत्तम नेमबाजी करणाऱ्या, पण कॅमेऱ्यासमोर बोलता न येणाऱ्या खेळाडूची कमाई मर्यादित राहू शकते.

गेमच बंद झाला तर?

क्रिकेटचा कोणी मालक नाही, व्हिडीओ गेमला मात्र असतो. तो कंपनीच्या किंवा सरकारच्या निर्णयाने एका दिवसात बंद होऊ शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये बंद झाला तो मे २०२३ मध्येच परतला. त्या दहा महिन्यांत फक्त स्पर्धांवर अवलंबून असलेल्यांची मिळकत थांबली. ज्यांचे चॅनेल होते, त्यांना दुसरा गेम खेळून दाखवता आला.

नव्या कायद्याने काय बदलले?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदी आहे. असा गेम चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता आणि प्रोत्साहनाची तरतूद आहे.

याच्या दोन बाजू आहेत. फँटसी आणि रमी कंपन्यांच्या जाहिरातींचा मार्ग गेमर्ससाठी बंद झाला. दुसरे म्हणजे गल्लोगल्ली चालणाऱ्या ‘पेड कस्टम रूम’. पन्नास-शंभर रुपये भरून उतरायचे आणि प्रत्येक ‘किल’मागे पैसे मिळवायचे, हा प्रकार नोंदणीकृत ई-स्पोर्ट्सच्या चौकटीत बसणे अवघड आहे. कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही, पण अशी रूम चालवणारा मुलगा अडचणीत येऊ शकतो.

पालकांनी काय तपासावे?

पहिले, मुलगा खेळतो आहे की पैसे लावतो आहे. बँक खाते आणि यूपीआयचा तपशील ते लगेच सांगतो. दुसरे, तो कुठपर्यंत पोहोचला : मित्रांत पहिला येणे आणि अधिकृत पात्रता फेरी पार करणे यांत फार अंतर आहे. तिसरे, संघाने करार दिला असेल, तर मानधन, बक्षिसातला वाटा, कराराची मुदत आणि चॅनेलची मालकी लेखी आहे का. अठरा वर्षांखालील मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, त्यामुळे पालकांनी तो वाचलाच पाहिजे.

खेळाभोवतीची कामेही आहेत. समालोचन, थेट प्रक्षेपण, व्हिडीओ संपादन, ग्राफिक्स, स्पर्धांचे व्यवस्थापन यांत गेम बदलला तरी कौशल्य वाया जात नाही. अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी राज्य मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले. खेळाडू म्हणून यश मिळणारे थोडेच असतील. त्यामुळे ही वाट निवडणाऱ्याने शिक्षण सोडून नव्हे, तर ते चालू ठेवूनच स्वतःला ठरावीक मुदत देणे शहाणपणाचे.