मतदानाआधीचा गुलाल

चौकातल्या फलकांबद्दल या सदरात इतक्या वेळा लिहून झालं आहे की वाचकांनी आता हा विषय पुरे म्हणावं. तरीही या आठवड्यात तो टाळता येत नाही. कल्याण-डोंबिवली परिसरातल्या एका नाक्यावर नव्या नगरसेवकाचा सत्काराचा फलक लागला आहे. वर ‘बिनविरोध’ हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात आणि खाली ‘मतदारराजाचे मनःपूर्वक आभार’. तिथून रोज भाजीला जाणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला त्या आभारांचा राग आला. आभार कशाचे, असं त्यांनी शेजारच्या दुकानदाराला विचारलं. त्या जागेसाठी त्यांच्याकडे कुणी मत मागितलंच नव्हतं.

थोडी माहिती. राज्यातल्या 29 महापालिकांसाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झालं. त्याआधी अर्ज मागे घेण्याची मुदत संपली, तेव्हाच साठाहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले होते. त्यातले सर्वाधिक कल्याण-डोंबिवलीतले आणि जवळजवळ सगळे राज्यातल्या सत्ताधारी पक्षांचे. दबाव किंवा आमिष दाखवून कुणाला माघार घ्यायला लावली का, याचा अहवाल राज्य निवडणूक आयोगाने महापालिका आयुक्तांकडून मागवला.

कल्याण-डोंबिवलीत याआधीची महापालिका निवडणूक 2015 साली झाली होती. सभागृहाची मुदत 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे पाणी आलं नाही, नाला तुंबला, तर ज्याच्या दारात जाऊन भांडता येईल असा माणूस उरला नव्हता. एवढ्या काळानंतर मतदानाचा दिवस आला. शिक्षिकाबाई सकाळीच केंद्रावर गेल्या. बहुसदस्य प्रभाग असल्याने एकापेक्षा जास्त मतं द्यायची होती. त्यांच्या प्रभागातली एक जागा मात्र यंत्रावर नव्हतीच. तिचा निकाल आधीच लागला होता. ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण तरी त्या जागेपुरतं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. केंद्रावरचे कर्मचारी काय बोलणार? जागा एक आणि उमेदवार एक, की मतदान होत नाही. मतदान नाही, म्हणून ते बटणही नाही.

बाईंचं म्हणणं चुकीचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने हे बटण मतदाराच्या हाती आलं. महाराष्ट्राच्या निवडणूक आयोगाने तर 2018 मध्ये एक पाऊल पुढे टाकलं: स्थानिक निवडणुकीत ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. मग समोर एकच उमेदवार असताना हीच नकाराची वाट बंद का असावी? 2022 मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतला आणि लढतीत दम उरला नाही. तरी काही किरकोळ उमेदवार उरले म्हणून मतदान झालं. ऋतुजा लटके मोठ्या फरकाने निवडून आल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर 12,806 मतांनी ‘नोटा’ राहिलं. निकाल ठरल्यासारखा असतानाही एवढी माणसं रांगेत उभी राहून आपला नकार नोंदवून गेली. 2024 मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि अख्ख्या मतदारसंघाला खासदार मिळाला तो एकही मत न पडता. एकट्या उमेदवारालाही किमान काही मतं मिळवावी लागावीत का, हा प्रश्न आता सर्वोच्च न्यायालयासमोर गेला आहे.

शहरात ही गोष्ट खुपते. गावात तिचं कौतुक होतं, आणि काळजी खरी तिथेच आहे.

‘यंदा गाव बिनविरोध झालं’ हे वाक्य महाराष्ट्रात अभिमानाने सांगितलं जातं. त्यामागे कारणं आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भावकी फुटते, बांधाचं भांडण मतपेटीपर्यंत येतं, पुढची पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद होतं. बिनविरोध झालं की हे सगळं टळतं, खर्च वाचतो, पोलिसांचा फेरा चुकतो. हे खोटं कुणी म्हणणार नाही. पण गाव बिनविरोध होतं म्हणजे नेमकं काय होतं? देवळात नाहीतर चावडीवर बैठक बसते. चार वजनदार घरांतली माणसं नावं ठरवतात. मग उरलेल्या इच्छुकांकडे कुणीतरी जातं. कधी समजूत घालतं, कधी सोसायटीच्या कर्जाची आठवण करून देतं. अर्ज मागे घेतला जातो. त्या कागदावर माघारीचं कारण लिहायची जागा नसते. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. नावं ठरवणाऱ्या त्या बैठकीत मात्र निम्म्या स्त्रिया बसलेल्या कुणी पाहिल्या आहेत का?

आणि जिथे पैसा उघड बोलला, तिथे सगळ्या राज्याने तो ऐकला. 15 जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकांआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात पदांचा जाहीर लिलाव झाला आणि बोली दोन कोटींच्या वर गेली, ती मंदिराच्या नावाने. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही तोच प्रकार. चित्रफिती बाहेर आल्या आणि आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. ज्या गावांत कुणी मोबाइल सुरू केला नाही, तिथलं कोण पाहणार?

2025 च्या नोव्हेंबरमधलं अनगर तर अगदी ताजं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातलं हे गाव नगरपंचायत झालं आणि पहिल्याच निवडणुकीत सतराच्या सतरा सदस्य बिनविरोध ठरले. नगराध्यक्षपदासाठी एका स्त्रीने अर्ज भरायचं ठरवलं. तिला पोलिस बंदोबस्तात जाऊन तो भरावा लागला. छाननीत सूचकाची सही नसल्याचं कारण निघालं आणि अर्ज बाद झाला. सहीचा मुद्दा नियमाचा असेल. पण अर्ज भरायला पोलिस सोबत घ्यावे लागतात, अशा गावातल्या एकमताला एकमत म्हणायला मन धजत नाही.

बिनविरोधाची बाजू घेणारे लगेच हिवरे बाजारचं नाव सांगतात, आणि ते नाव आदराने घ्यावं असंच आहे. 1989 पासून पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाणी अडवलं, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, दुष्काळी गावाचं चित्र पालटलं. तीस वर्षं तिथे निवडणूक झाली नाही. 2021 मध्ये मात्र काही गावकऱ्यांनी विरोधात अर्ज भरले आणि मतदान झालं. पवारांच्या गटाने सातही जागा जिंकल्या. त्या मतदानाने ना पाणलोटाचं काम बुडालं, ना पवारांचा मान कमी झाला. उलट तीस वर्षं गृहीत धरलेला पाठिंबा मोजून मिळाला, आणि हरलेल्यांनाही आपण किती आहोत ते कळलं. लढत झाली की गाव मोडतं, असं सांगणाऱ्यांनी हिवरे बाजारची ही बाजूही सांगायला हवी.

त्याच वेळी शेजारच्या पारनेर तालुक्यात तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध होणाऱ्या गावांना 25 लाखांचा विकासनिधी जाहीर केला होता. हेतू चांगला असेल. भांडणं टाळायची असतील. पण रस्त्याचा आणि गटाराचा पैसा सरकारी तिजोरीतून येतो. तो मिळावा म्हणून एखाद्याने उमेदवारी सोडायची, आणि नाही सोडली तर ‘तुझ्यामुळे गावाचे पंचवीस लाख गेले’ हे आयुष्यभर ऐकायचं? त्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत बिनविरोधासाठी बरेच प्रयत्न झाले. तरी तिथे मतदान झालंच.

आमदारांना गावांना बक्षीस द्यायचंच असेल, तर ग्रामसभेसाठी द्यावं. कायद्याने ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 यांपैकी कमी असेल तेवढी माणसं हजर लागतात. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने मूठभर माणसांत ठराव मंजूर होऊन जातात. वर्षातल्या चारही सभा पहिल्याच वेळी भरल्या, त्यात बायका बोलल्या, इतिवृत्तात त्यांचे प्रश्न नावानिशी आले, अशा गावाला पंचवीस लाख देणारा आमदार निघाला, तर त्याचा फलक या सदराला खुशाल चालेल, अगदी भर चौकात.