नवा परवाना आणि गाडीचा विमा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एक मागणी हमखास पुढे येते. मुलगा अठरा वर्षांचा झालेला असतो, कॉलेज चंद्रपूरला किंवा नागपूरला ठरलेले असते आणि अंगणात अब्बांची जुनी गाडी उभी असते. अलीकडे मुलीही तितक्याच हक्काने गाडी शिकायला मागतात, आणि ते चांगलेच आहे. अशा वेळी आमच्याकडे वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: मुलाचा परवाना नवा आहे, मग गाडीचा विमा महाग होईल का?

या प्रश्नाचे मूळ बहुधा परदेशातल्या नातेवाइकांच्या बोलण्यात असते. ब्रिटनमध्ये नव्या, तरुण चालकाला विम्याचा हप्ता जबर पडतो. दुबईत परवाना मिळून वर्ष झाले नसेल किंवा चालक पंचवीसच्या आतला असेल, तर अपघातानंतरच्या खर्चातला जास्त हिस्सा अनेक कंपन्या त्याच्यावरच टाकतात. मामूंनी फोनवर हे सांगितले की इथेही तसेच असेल, असे वाटू लागते.

आपल्याकडची पद्धत निराळी आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते, आणि तो गाडीच्या इंजिनावर ठरतो, चालकाच्या वयावर किंवा परवान्यावर नाही. जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2,094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीच्या कारला 3,416 रुपये आकारले गेले. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये. कर वेगळा. गाडी साठीतले दादाजान चालवोत की अठरा वर्षांचा नातू, हा आकडा बदलत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेतला तर त्याचा हप्ता मुख्यतः गाडीची आजची किंमत, तिचे वय, इंजिन आणि नोंदणीचा विभाग पाहून ठरतो. मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरे एका विभागात येतात, चंद्रपूर-गडचिरोली दुसऱ्या विभागात. इथे हप्ता खऱ्या अर्थाने कमी करतो तो नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम केला नाही तर 20 टक्के, पुढे 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट. पॉलिसी संपून 90 दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर ही वर्षांची कमाई जाते. आणि हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. म्हणून जुनी गाडी विकत घेताना विकणाऱ्याचा बोनस आपल्याला मिळेल, असे धरून चालू नये.

म्हणजे नव्या परवान्याची किंमत हप्त्याच्या पावतीवर दिसत नाही. ती दिसते अपघातानंतर, क्लेमच्या वेळी. तिथे परवान्याची स्थिती हाच पहिला प्रश्न असतो.

आपले दोन्ही जिल्हे जंगलाचे. मूल किंवा मोहर्लीच्या रस्त्याने संध्याकाळी येताना रानडुक्कर अचानक आडवे येते. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक असतात. पावसाळ्यात भामरागडकडे नाल्यांवरून पाणी वाहते. मुरलेल्या चालकाचाही इथे कस लागतो, नव्याचा तर लागतोच. रानडुकराला धडकून गाडीचे नुकसान झाले, तर पूर्ण विम्यात ते भरून मिळू शकते. पण पॉलिसीत अट असते, की अपघाताच्या क्षणी चालकाकडे चालू परवाना हवा. तो नसेल तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते. वर्षानुवर्षे भरलेला हप्ता त्या दिवशी कामाला येत नाही.

शिकाऊ परवान्याचे काय, हेही अनेक जण विचारतात. शिकाऊ परवाना हा कायद्याने परवानाच आहे आणि पॉलिसी तो मान्य करते. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 3 पाळलेला हवा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. शेजारी पक्का परवाना असलेली, गाडी आवरू शकेल अशी व्यक्ती बसलेली हवी. शिकाऊ मुलाने दुचाकीवर मित्राला मागे बसवून फिरणे नियमात बसत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. जून 2021 पासून महाराष्ट्रात आधारच्या मदतीने शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. सिरोंचा किंवा एटापल्लीच्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे, कारण तिथून गडचिरोलीची एक फेरी म्हणजे अख्खा दिवस. पक्क्या परवान्यासाठी मात्र प्रत्यक्ष चाचणी द्यावीच लागते. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे शिबिर कधी आहे, ते आधी विचारून घ्यावे.

आता सर्वांत जड भाग. समजा, परवाना नसलेल्या मुलाच्या हातात गाडी होती आणि रस्त्यावरचा एखादा माणूस दगावला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच्या कुटुंबाला भरपाई ठरवून देते, आणि ती रक्कम कित्येकदा लाखांत जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली स्वर्णसिंग खटल्यात या प्रश्नाची चौकट आखली. परवाना नव्हता एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली, हे तिला सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले, तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी पीडितांना पैसे देण्यास आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते. मृताच्या घरच्यांना न्याय मिळतो, पण आपल्या घरावर आयुष्यभराचे देणे येते. शेत, दुकान, मुलीच्या निकाहसाठी जमवलेले पैसे, सगळे त्यात ओढले जाते.

मुलगा अठराच्या आतला असेल तर कायदा आणखी कठोर आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचा असतो. शाळेला नेल्या जाणाऱ्या नेहमीच्या 110 किंवा 125 सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. ‘मशिदीपर्यंतच तर जायचे आहे’ किंवा ‘गावातल्या गावात कोण बघतो’ हे शब्द न्यायाधिकरणापुढे उपयोगी पडत नाहीत.

आणखी काही गोष्टी घरात बसून तपासाव्यात.

पहिली, मालकाचे नाव. अनेक घरांत गाडी अम्मीच्या नावावर असते आणि अम्मीकडे परवाना नसतो. पॉलिसीतले मालक-चालकाचे 15 लाखांचे अपघात संरक्षण हे परवाना असलेल्या मालकासाठीच असते. अम्मीच्या गाडीवर अब्बा किंवा मुलगा दगावला, तर ते संरक्षण लागू होत नाही. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद हवी. निदान बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून 2 लाखांचे अपघात संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 18 ते 70 वयाच्या प्रत्येकाने घ्यावी.

दुसरी, नुसता थर्ड पार्टी विमा. खासगी कारमध्ये बसलेली आपलीच माणसे, दुचाकीवर मागे बसलेली बहीण, यांना नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत सहसा संरक्षण नसते, पूर्ण पॉलिसीत असते. लग्नाला सात माणसे भरून निघण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा. खासगी गाडीत भाडे घेऊन सवाऱ्या नेल्या, तर तीही पॉलिसीच्या अटीबाहेरची गोष्ट होते.

तिसरी, परवान्याचा प्रकार. मालवाहू पिकअप किंवा टेम्पो चालवणाऱ्या तरुणांना एक दिलासा आहे. हलक्या वाहनाचा परवाना असेल तर 7,500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले. नुसत्या दुचाकीच्या परवान्यावर कार चालवणे मात्र परवान्याशिवाय चालवण्यासारखेच आहे.

चौथी, जुनी गाडी. घेतल्यावर नोंदणीबरोबर विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. आणि अब्बांच्या स्वतःच्या परवान्याची मुदत बघावी. मुलाचा परवाना करायच्या घाईत वडिलांचा संपून गेलेला असतो.

विमा घेणे शरीअतच्या दृष्टीने कसे, हा प्रश्नही काही घरांत असतो. व्याज आणि अनिश्चिततेबद्दलची ती शंका आपल्या भागातल्या जाणकार आलिमांपुढे ठेवावी. आम्ही एवढेच म्हणू, की थर्ड पार्टी विमा देशाच्या कायद्याने बंधनकारक आहे आणि तो ज्याला आपल्या गाडीने इजा झाली, त्याच्या हक्कासाठी आहे. रस्त्यावरून चालणारा मजूर, तेंदूपाने घेऊन येणारी बाई, सायकलवरचा विद्यार्थी, यांचे जीव आपल्या हातात अमानत असतात. बंद्यांचे हक्क, हुकूकुल इबाद, हे इतर कशानेही फिटत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

म्हणून मुलाला किल्ली देण्याआधी पॉलिसीची तारीख, मालकाचे नाव, चालकाचा परवाना आणि त्याची मुदत घरातल्या सर्वांनी एकदा बसून वाचावी. परवाना पक्का झाल्यावरही पहिले सहा महिने जंगलातल्या रस्त्यावर रात्री एकट्याला पाठवू नये. त्याला राग येईल. येऊ द्या. शेजारी कोणी मोठे बसलेले असले की रस्ताही समजतो आणि गाडीही.